हिरवळ, बुरशी आणि मुंबईचा पाऊस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा दुसरा आठवडा उलटला की माझ्या मोबाइलवर गवताचे फोटो यायला लागतात. पिवळे गोल, तपकिरी चट्टे, पानांवरचे काळपट ठिपके, आणि खाली एकच ओळ : ‘कुठलं औषध मारू?’ पाठवणारे कधी सोसायटीचे सेक्रेटरी असतात, कधी क्लबच्या मैदानावरचे माळीदादा, कधी बंगल्यापुढे दहा बाय दहाचा तुकडा जिवापाड जपणाऱ्या आजी. औषधाचं नाव सांगून मोकळं होता येतं, पण त्याआधी गवत स्वतः बुरशीशी कसं लढतं हे समजलं तर निम्मे फोटो पाठवायची वेळच येत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

गवताला रोगप्रतिकारशक्ती असते का?

असते, आणि चांगली भक्कम असते. फक्त ती आपल्यासारखी नसते. गवतात रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, अंगभर फिरून शत्रू शोधणारं काहीच नाही. गवताची प्रत्येक पेशी जागची हलत नाही, त्यामुळे प्रत्येकीला आपली राखण आपणच करावी लागते. चाळीत जशी प्रत्येक खोलीला आपली कडी आणि आपलं कुलूप असतं, आणि एका खोलीत गडबड झाली की भिंतीवर थाप मारून शेजाऱ्याला उठवतात, तसंच हे काम चालतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. तुमच्या हिरवळीवर या क्षणी बुरशीचे असंख्य बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं तिचं ‘बी’, आहेत. हवेत आहेत, मातीत आहेत, गवत कापायच्या मशीनच्या पात्याला चिकटलेले आहेत. त्यातले बहुतेक काहीही करू शकत नाहीत. रोग पडणं हा अपवाद आहे, न पडणं हा नियम. रोग पडायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : कमकुवत गवत, त्या गवतावर जगू शकणारी बुरशी आणि बुरशीला मानवणारी हवा. मुंबईत तिसरी गोष्ट चार महिने फुकट मिळते. दुसरी कायमच असते. आपल्या हातात राहते ती पहिली.

बीजाणू पानावर पडल्यापासून नेमकं काय घडतं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

पहिली अडचण मेणाची. पानाच्या वरच्या त्वचेवर मेणाचा पातळ थर असतो. पावसाचा थेंब गवतावर मोत्यासारखा गोल राहतो तो त्याच्यामुळे. पाणी घरंगळून गेलं की बीजाणूची पंचाईत होते, कारण बहुतेक बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याची पातळ साय काही तास टिकून हवी असते.

दुसरी अडचण वाळूची. गवतवर्गातली झाडं जमिनीतून सिलिका शोषून घेतात आणि पानाच्या त्वचेत साठवतात. लहानपणी गवताचं पातं ओढताना बोट कापलं असेल तर ती धार आठवून पाहा. पात्याच्या कडेला सिलिकाचे सूक्ष्म दाते असतात. भाताच्या पानात तर कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत सिलिका सापडते. ज्या पानात सिलिका भरपूर, त्यात बुरशीला घुसायला जास्त कष्ट पडतात.

तरीही काही बुरशा घुसतात. काही पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, शिरतात, काही कापलेल्या टोकातून. पण करपा आणणारी पायरिक्युलॅरिया जे करते ते थक्क करणारं आहे. कोकणातल्या भातशेतकऱ्याला ही बुरशी चांगलीच ठाऊक आहे आणि तिचेच भाऊबंद काही लॉनच्या गवतांवरही येतात. ती पानाला घट्ट चिकटून एक घुमटासारखी पेशी तयार करते, त्या पेशीत पाण्याचा दाब वाढवत नेते आणि खालून एक बारीक खुंटी पानात ठोकते. हा दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ ८० पट मोजला गेला आहे. मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा सुमारे ३५ पट, आणि तोही साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत.

खुंटी जिथे ठोकली जाते, तिथे आतल्या बाजूने गवताची पेशी लगबगीने गिलावा करते. कॅलोज नावाचा चिकट पदार्थ नेमका त्या बिंदूखाली साचतो. शत्रू भिंतीला भोक पाडतोय आणि आतला माणूस त्याच जागी सिमेंट थापतोय, अशी ही शर्यत असते. खूप बुरशा इथेच हरतात.

पेशीला पत्ता कसा लागतो? बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं. कोळंबीची साल ज्याची बनते, खेकड्याचं कवच ज्याचं बनतं, तेच हे कायटिन. भाऊच्या धक्क्यावर सोललेल्या कोळंबीच्या सालांचा ढीग पाहिला असेल, तोच पदार्थ. गवत स्वतः कायटिन बनवत नाही. त्यामुळे त्याचे बारीक तुकडे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनांना चिकटले की हा कुणीतरी बाहेरचा आहे हे तिला नक्की कळतं. भातात या ग्राहकांचा बारकाईने अभ्यास झाला आहे, आणि गवतं भाताच्याच कुळातली.

मग काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. जखम धुवायला वापरतात तेच. ते बुरशीला जाळतं, पेशीची भिंत घट्ट करतं आणि शेजारच्या पेशींना इशाराही देतं. पुढच्या काही तासांत पेशी कायटिन कापणारी विकरं बनवू लागते, म्हणजे बुरशीची भिंतच कुरतडणाऱ्या कात्र्या. आणि इतकं करूनही शत्रू आत आलाच, तर शेवटचा उपाय म्हणून ती पेशी आणि तिच्या आसपासच्या मोजक्या पेशी स्वतः मरून जातात. ज्या बुरशीला जिवंत पेशीतूनच अन्न लागतं, ती तिथे उपाशी मरते.

म्हणजे पानावर ठिपका दिसला तर गवत जिंकलं असं समजायचं का?

कधी हो, कधी नाही. तांबेरा, म्हणजे पानावर तांबूस भुकटी आणणारा रोग. त्याची बुरशी जिवंत पेशीवरच जगते. तिच्यापुढे पेशीने मरून जाणं ही उत्तम खेळी आहे. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पडतो आणि तिथेच थांबतो. असे ठिपके दिसले तर घाबरू नका.

पण ठिपके पाडणारी बायपोलॅरिस, मोठे चट्टे पाडणारी रायझोक्टोनिया किंवा नाण्याएवढे डाग पाडणारी क्लॅरिरीडिया या बुरशा आधी पेशी मारतात आणि मग खातात. त्यांच्यासमोर पेशीने जीव देणं म्हणजे ताट वाढून देणं. म्हणून अमुक वाण रोगप्रतिकारक आहे असं कुणी म्हणालं, तर लगेच विचारा : कुठल्या रोगाला? तांबेऱ्याला दाद न देणारं गवत चट्ट्यांना बळी पडू शकतं.

ठिपका वाढतोय की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. पाच-सहा पात्यांना बुडाशी रंगीत दोरा बांधा. तीन दिवसांनी तीच पाती पाहा. ठिपके होते तेवढेच असतील आणि नवी पानं स्वच्छ येत असतील, तर गवताने काम केलं आहे. ठिपक्याची कड पसरत बुडापर्यंत गेली असेल, तर त्याला मदतीची गरज आहे.

गावाकडे बांधावरची हरळी चार महिने पावसात भिजते आणि मजेत असते. मग तीच हरळी आमच्या लॉनमध्ये का सडते?

प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण मैदानांवरचं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. तीच दूर्वा, सायनोडॉन डॅक्टिलॉन. ज्या हरळीला शेतकरी कुदळीने खणून दमतो, ती सोसायटीच्या लॉनमध्ये लगेच माना टाकते, याची कारणं गवतात कमी आणि आपल्या वागण्यात जास्त आहेत.

सगळ्यात मोठं कारण उपासमार. मेणाचा थर, गिलावा, कात्र्यांसारखी विकरं, हे सगळं बनवायला साखर लागते, आणि साखर उन्हातून येते. हरळीला दिवसाचे सहा-आठ तास कडक ऊन हवं असतं. जुलैत मुंबईवर आठ-आठ दिवस ढग बसतात. म्हणजे बुरशीला हवी तशी हवा आली की नेमका त्याच वेळी गवताचा शिधा आटतो. बांधावरच्या हरळीला पानं भरपूर असतात, तिला कुणी कापत नाही, ती साठवलेल्या शिध्यावर निभावून नेते. आपण मात्र त्याच दिवसांत दर आठवड्याला मशीन फिरवून तिची पानं बोटभरही ठेवत नाही. पान म्हणजे तिचं स्वयंपाकघर.

दुसरं कारण असं की बांधावर उतार असतो, पाणी निघून जातं. तिसरं, बांधावरची हरळी एका जातीची नसते. तिथे शंभर प्रकारची झुडपं-गवतं मिसळलेली असतात आणि हरळीतही घराघरासारखे फरक असतात. एकीला रोग झाला तर शेजारीण वाचते.

आणि हरळीचं खरं सामर्थ्य तिच्या पानांत नाहीच, ते जमिनीलगत आहे. गवताचा वाढीचा कोंब वर टोकाला नसतो, बुडाशी असतो. पानं सगळी गेली तरी बूड आणि जमिनीखालची खोडं जिवंत असतील तर ती परत येते. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलेलं लॉन उपटून नवे गालिचे टाकायची घाई करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, पंधरा दिवस थांबा. बूड चिमटीत धरून नखाने खरवडा. आत पांढरट हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे.

आमच्या मैदानावर परदेशी संकरित बर्म्युडा आहे. त्याला रोग कमी होतात ना?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी संकरित बर्म्युडाची मालिकाच तयार केली. त्यातलं टिफवे १९६० मध्ये आलं आणि जगभरच्या खेळाच्या मैदानांवर पसरलं. आपली हरळी आणि आफ्रिकेतली एक बारीक पानांची बहीण यांचा हा संकर. गवत दाट, पान नाजूक, खेळाडूंच्या बुटांखाली टिकणारं. पण ते वांझ आहे, त्याला बी धरत नाही. खोडाचे तुकडे लावूनच ते वाढवावं लागतं. म्हणजे अख्ख्या मैदानावर लाखो रोपं दिसत असली तरी जनुकांच्या हिशेबाने ते एकच रोप आहे.

याचा धोका समजायला अमेरिकेतल्या मक्याची गोष्ट पुरे. १९७० मध्ये तिथे बहुतेक संकरित मक्यात एकाच मूळ वाणाचा पेशीद्रव होता. बायपोलॅरिसच्या एका नव्या प्रकाराला नेमका तोच मानवला आणि देशातल्या मक्याचा साधारण १५ टक्के वाटा एका हंगामात गेला. लॉनवर पोट अवलंबून नसतं हे खरं, पण नियम तोच.

आणि प्रतिकार ही एकदा मिळाली की कायमची राहणारी गोष्ट नाही. हॅरोल्ड फ्लोर या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात जवसावरच्या तांबेऱ्यावर काम करताना दाखवलं की झाडातल्या प्रतिकाराच्या एका जनुकासमोर बुरशीत एक जोडीचं जनुक असतं. बुरशीने आपलं जनुक बदललं की झाडाला ती ओळखू येत नाही. एकाच मोठ्या जनुकावर उभा असलेला प्रतिकार म्हणून अचानक कोसळतो. अनेक छोट्या जनुकांचा प्रतिकार पूर्ण संरक्षण देत नाही, पण जास्त वर्षं टिकतो. नर्सरीवाला अमुक जातीला रोग येतच नाही असं म्हणाला, तर ते मनावर घेऊ नका.

मुंबईत लावायला कुठलं गवत चांगलं?

उघडं मैदान, पूर्ण ऊन : हरळी वर्गातलं. समुद्राजवळ, खारं वारं, बोअरचं खारट पाणी : पॅस्पॅलम चालतं, क्षार चांगले सोसतं, पण त्याला नाण्याएवढे डाग पाडणारा रोग जास्त धरतो हे मान्य करून लावा. घरापुढचा लहान तुकडा : ज्याला आपण मेक्सिकन किंवा कोरियन लॉन म्हणतो ते झोयसिया वर्गातलं गवत. ते सावली हरळीपेक्षा बरी सोसतं, पण हळू वाढतं, त्यामुळे एकदा चट्टा पडला की भरायला महिनोन्महिने लागतात. हिवाळ्याच्या तोंडाशी, रात्री जरा गार व्हायला लागल्या की त्याच्यावर रायझोक्टोनियाचे मोठे गोल येतात. डिसेंबरात दिसणाऱ्या गोलांना ‘थंडीने पिवळं पडलं’ म्हणून सोडून देऊ नका. गोलाच्या कडेची काडी ओढून पाहा. बुडाशी कुजून सहज सुटून आली तर ती बुरशी आहे.

थंड हवेची फेस्क्यू, राय ही गवतं इथे लावू नका. त्यांच्या पोटात एपिक्लोई नावाची एक मित्र बुरशी राहते, ती किडींना पळवते आणि काही जातींत रोगही कमी करते, हे वाचून मोह होतो. शास्त्र म्हणून ते सुंदर आहे. पण ही गवतं मुंबईचा मे महिना पाहू शकत नाहीत.

पोडियमवरच्या लॉनला दर पावसाळ्यात रोग येतो. काय चुकतं?

गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त बोलावणी पोडियमवरूनच आली आहेत. खाली पार्किंग, वर जेमतेम वीतभर माती, तिन्ही बाजूंनी टॉवर. ऊन दोन तास, वारा नाही, आणि निचऱ्याच्या जाळ्या पालापाचोळ्याने भरलेल्या.

मुलुंडच्या एका सोसायटीतला अनुभव सांगतो. मे अखेरीस नवा मेक्सिकन गालिचा टाकला होता. जुलैत तपकिरी चट्टे आले. तीन वेळा फवारणी झाली, तिन्ही वेळा कमिटीने बिल भरलं, चट्टे वाढतच गेले. मी गेलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि गवत अजून ओलं होतं. सुरीने गालिच्याचा एक तुकडा कापून उलटा केला. गालिच्याबरोबर आलेल्या चिकट लाल मातीचा अर्धा इंच थर आणि त्याच्याखाली पोडियमची भुसभुशीत माती, दोघांच्या मधे पाणी अडकलेलं. मुळं लाल थरातच थांबलेली, रंगाने काळी, उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखी. वास गटाराचा. ज्या मुळांना हवाच मिळत नाही त्यांच्याकडून प्रतिकाराची अपेक्षा करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तिथे औषधाचा प्रश्नच नव्हता. जाळ्या साफ केल्या, गालिच्याला काट्याने इंच-इंचावर भोकं पाडून त्यात जाडी वाळू भरली, दोन वाढलेल्या झाडांच्या खालच्या फांद्या काढल्या, कापणीची उंची वाढवली. जिथे ऊन पोहोचतच नव्हतं तिथलं लॉन काढून फरसबंदी केली. हा शेवटचा सल्ला कमिटीला आवडला नव्हता. पण दोन तास उन्हात हिरवळ टिकवण्याचा हट्ट म्हणजे दर वर्षी तेच गवत मरताना पाहणं.

पाणी कधी द्यायचं?

पहाटे, चार ते सातच्या दरम्यान. संध्याकाळी नको.

कारण साधं आहे. बुरशीला पान सलग ओलं हवं असतं. बऱ्याच रोगांसाठी दहा-बारा तास ओल टिकली की काम होतं. रात्री दव पडणारच आहे. संध्याकाळी सहाला पाणी मारलंत तर तुम्ही दवाला चार तास आधीच जोडून दिलेत. पहाटे दिलं तर दव आणि पाणी एकाच वेळी वाळतं. सोसायट्यांत पंपवाला आपल्या ड्यूटीच्या सोयीने संध्याकाळी फवारे सुरू करतो. त्याच्याशी बसून वेळ बदलून घेतली, तर वर्षभराच्या औषधाचा खर्च वाचू शकतो.

इथे एक बारीक निरीक्षण. हिवाळ्यात सकाळी गवताच्या अगदी टोकावर जो एकेक थेंब दिसतो, तो दव नसतो. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी गवत टोकाच्या छिद्रांतून बाहेर सोडतं. त्यात साखर आणि अमिनो आम्लं असतात. बुरशीला ते पाणी आणि जेवण दोन्ही. रात्रीच्या सामन्यात दव पडलं की वानखेडेवर माणसं लांब दोर धरून सीमारेषेपासून सीमारेषेपर्यंत चालत जातात, हे टीव्हीवर पाहिलं असेल. ते चेंडू ओला होऊ नये म्हणून. पण हेच काम घरच्या लॉनवर सकाळी सातला पाण्याच्या पाइपने केलं, तर पानं तास-दोन तास आधी वाळतात. दोन माणसांनी पाइपची दोन टोकं धरायची आणि गवतावरून ओढत न्यायची. खर्च शून्य. याहून चांगलं बुरशीनाशक मला माहीत नाही.

खत कमी पडल्याने रोग येतो की जास्त झाल्याने?

दोन्हींनी, रोगाप्रमाणे. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की वाढ मंदावते आणि तांबेरा व नाण्याएवढे डाग येतात, कारण जुनी पानं कापली जाऊन नवी येण्याचा वेग बुरशीच्या वेगापेक्षा कमी पडतो. नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं, पेशींच्या भिंती पातळ राहतात आणि रायझोक्टोनिया व पाणी तुंबलेल्या जागी येणारा पिथियम यांची चंगळ होते. पावसाळ्यात गवत पिवळट दिसलं म्हणून मूठ-मूठ युरिया टाकणं ही मुंबईत दिसणारी सर्वांत महाग चूक आहे. चार दिवस हिरवंगार दिसतं आणि पाचव्या दिवशी कोसळतं.

पालाश (पोटॅश) मात्र विसरू नका. हरळीवर बायपोलॅरिसचे ठिपके वारंवार येत असतील तर बऱ्याचदा मूळ कारण पालाश कमी असणं हे असतं. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी पालाश द्या. सिलिकाचाही फायदा होतो. सेंट ऑगस्टिन गवतावर सिलिकॉन दिल्याने करप्यासारखा रोग कमी झाल्याचे फ्लोरिडात प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे भाताच्या तुसाची राख स्वस्त मिळते आणि ती बहुतांशी सिलिकाच असते, पण ती हळूहळू विरघळते आणि माती अल्कधर्मी करते. पातळ हाताने, वर्षातून एकदा.

मशीनचं पातं आणि रोग यांचा काय संबंध?

धारदार पात्याने कापलेलं टोक सरळ असतं आणि लवकर मिटतं. बोथट पात्याने गवत फाटतं, टोकाला पांढरे धागे निघतात आणि ती जखम दिवसभर उघडी राहते. गवत ओलं असताना कापू नका. पावसाळ्यात ते जमत नाही हे ठाऊक आहे, पण निदान रोगट भाग शेवटी कापा आणि पातं धुऊन ठेवा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. जूनपासून उंची नेहमीपेक्षा थोडी वाढवा. मुंबईच्या कांगा लीग या पावसाळी क्रिकेट स्पर्धेचे सामने १९४८ पासून भर पावसात होतात आणि ज्या मैदानांवर आउटफिल्डचं गवत चांगलं उंच राखतात, ती ऑक्टोबरात लवकर सावरतात.

सकाळी गवतावर कापसासारखं जाळं दिसतं, उन्हात नाहीसं होतं. कोळी आहे का?

कोळ्याचं जाळं एका पातळीत ताणलेलं असतं. बुरशीचं पानापानांत गुंतलेलं असतं. नाण्याएवढ्या डागांवर असेल तर क्लॅरिरीडिया. पाणी तुंबलेल्या भागात, पानं तेलकट, काळपट, एकमेकांना चिकटलेली असतील तर पिथियम समजा आणि त्याच दिवशी हालचाल करा. तो पाण्याच्या वाटेने आणि मशीनच्या चाकांबरोबर पट्ट्यापट्ट्यांनी पसरतो.

पिथियम खरी बुरशी नाहीच. तो पाण्यातल्या शेवाळांचा दूरचा नातलग. त्याच्या भिंती कायटिनऐवजी मुख्यत्वे सेल्युलोज आणि ग्लुकनच्या असतात. म्हणजे वर सांगितलेली कोळंबीच्या सालीची खूण त्याला लागू होत नाही, आणि कायटिन कापणाऱ्या कात्र्या त्याच्यावर जवळपास निकामी ठरतात. नेहमीची कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकंही त्याच्यावर चालत नाहीत. त्याला मेटॅलॅक्सिलसारखं वेगळं औषध लागतं. रोग न ओळखता फवारणी करू नका असं मी कळकळीने सांगतो ते यासाठी.

लॉनवर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. रोग आहे का?

सहसा नाही. खाली पुरलेलं लाकूड किंवा जुनं मूळ कुजतंय एवढंच. लहान मुलं आणि पाळीव प्राणी तोंडात घालतात म्हणून काढून टाका. छत्र्या गोलात आल्या आणि त्या गोलाचं गवत वाळायला लागलं, तर खालची माती पाणी धरेनाशी झाली आहे, तिथे भोकं पाडून पाणी मुरवा.

गवताला लस देता येते का?

या प्रश्नावर हसू नका. १९६१ मध्ये रॉस या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या एका पानाला विषाणूची लागण केली आणि नंतर दाखवलं की त्या झाडाची बाकीची पानंही सावध झाली होती. १९७९ मध्ये असंही दिसलं की तंबाखूला अ‍ॅस्पिरिन दिल्यावर असाच परिणाम होतो. या निरोपात सॅलिसिलिक आम्लाचा हात असतो, आणि अ‍ॅस्पिरिन त्याचंच भावंड. त्यातून पुढे अ‍ॅसिबेन्झोलारसारखी औषधं निघाली. ती बुरशीला थेट मारत नाहीत, झाडाला जागं करतात. काही देशांत ती हिरवळीवर वापरतातही, बहुधा नेहमीच्या औषधाच्या जोडीला. पण गवतवर्गात चित्र तंबाखूइतकं सरळ नाही. आणि जागं झालेलं गवतही साखर खर्च करतं. सावलीतल्या, कमरेतून कापलेल्या लॉनला जागं करून उपयोग नाही. अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या पाण्यात विरघळवून शिंपडू नका, पान भाजतं.

तेच औषध दोन वर्षं चाललं, आता चालत नाही. भेसळ असेल का?

असूही शकते, पण जास्त शक्यता ही की बुरशीच सरावली. प्रतिकार फक्त गवताकडे नसतो. नाण्याएवढे डाग पाडणाऱ्या बुरशीने कार्बेन्डाझिमच्या गटाला दाद देणं सोडल्याचं अनेक ठिकाणी दिसलं आहे. औषधाचं नाव बदलून भागत नाही, गट बदलावा लागतो. दुकानात तीन वेगळ्या डब्यांत एकच रसायन असू शकतं, म्हणून ब्रँड न पाहता डब्यावर बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव वाचा. मॅन्कोझेब बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे त्याला सरावणं बुरशीला अवघड जातं. लेबलवर दिलेलं प्रमाण वाढवू नका आणि हातमोजे, मास्क यांवाचून माळ्याला फवारायला लावू नका.

रोगाच्या बुरशीला रोखणारी ट्रायकोडर्मा ही बुरशी आणि सुडोमोनस हे जिवाणू वापरायला हरकत नाही. रोग येण्याआधी, मे-जूनमध्ये, चाळलेल्या कंपोस्टमधून दिले तर मुळांभोवती चांगली वस्ती होते. चट्टा पडल्यावर त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

गणपतीला सोसायटीच्या लॉनमधल्या दूर्वा काढल्या तर चालतील का?

त्या लॉनवर काय फवारलंय हे माळीदादांना विचारल्याशिवाय काढू नका. गणपती नेमके भाद्रपदात येतात, म्हणजे पावसाळी फवारण्यांच्या ऐन हंगामात. दूर्वा देवाला वाहिल्या जातात, पण त्या हाताळतात घरातली मुलं, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधताना दोरा दातांनी तोडतात, आणि काहीजण उरलेल्या दूर्वांचा रस काढून पितात. फवारलेल्या गवताचा रस कधीही पिऊ नये. लॉनचं गवत गाईला किंवा सशाला घालू नये तेही याचसाठी.

माझा सल्ला असा : ऊन लागणाऱ्या एका कोपऱ्यात चार बाय चारचा वाफा ठेवा. तिथे बांधावरून आणलेली साधी हरळी लावा, वर्षभर औषध नाही, युरिया नाही, मशीन नाही. हाताने खुडायची, तीन पानांचा कोवळा शेंडा तेवढा घ्यायचा. आमच्या ओळखीतल्या एका सोसायटीत असा वाफा सहा पावसाळे झाले तरी उभा आहे. त्याच्या पानांवर ठिपके येतात, आपोआप थांबतात, आणि चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मुलं टोपली घेऊन येतात तेव्हा जुड्या पुरून उरतात.